घाम तेवढा राहिलाय: रक्तातली साखर आणि भीतीचे झटके, एक प्रकरण

पार्श्वभूमी

या माणसाला मी इथे अण्णा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, परवानगी घेतली आहे. मी कोल्हापुरात वीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. या प्रकरणात माझ्याही दोन चुका आहेत, त्या जागच्या जागी येतील.

अण्णा ५६ वर्षांचे, गुजरीत सोनारकाम करणारे. कोल्हापुरी साज हा त्यांचा हातखंडा. मधुमेह नऊ वर्षांचा. सकाळी गोळी, मग नाष्टा, आणि दुपारचं जेवण हातातलं काम उरकेल तेव्हा. लग्नसराईत ते तीनला होतं, कधी चारला. 'भूक लागली तर चहा घ्यायचा' हा कारागिरांचा जुना शिरस्ता.

जूनमध्ये त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६ टक्के आली. ज्या तज्ज्ञांकडे ते जात होते त्यांनी गोळी वाढवली: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ. अण्णांनीही मनावर घेतलं. पहाटे रंकाळ्याला फेरी, चहा बिनसाखरेचा, रात्री भाकरी एकच. सप्टेंबरअखेर पाच किलो वजन उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं.

माझी पहिली चूक इथेच झाली. वजन उतरलं, चालणं वाढलं, खाणं कमी झालं, म्हणजे औषधाची गरजही कमी झाली असणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर इतकी खाली सहसा जात नाही. या जोडगोळीतली धोक्याची बाजू ग्लिमेपिराइडची होती.

प्रसंग

अण्णा नवरात्राचे नऊही दिवस उपवास धरतात. उठता-बसता नव्हे, पूर्ण नऊ. चौथ्या माळेला सकाळी गोळी घेतली, एक केळं आणि थोडी वरी खाल्ली आणि अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभे राहिले. ऊन आणि गर्दी. साडेबाराच्या सुमारास हातपाय थरथरायला लागले, छाती धडधडू लागली, अंगातून घामाच्या धारा. "मॅडम, आता काय खरं न्हाई, एवढंच वाटत हुतं," ते नंतर म्हणाले. रांगेतल्या एका आजीबाईंना वाटलं, देवीचं वारं आलं. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या कुणी तरी पेढा तोंडात घातला, तिसऱ्यानं लिंबू सरबत पाजलं.

तिथून एका खासगी रुग्णालयात. ईसीजी व्यवस्थित, रक्तदाब थोडा वाढलेला, साखर १३८. संध्याकाळी कागदावर निदान होतं चिंतेचा झटका. प्रोप्रानोलॉल २० मिलिग्रॅम दोन वेळा, रात्री झोपेची सौम्य गोळी आणि 'ताण घेऊ नका' हा सल्ला.

ती १३८ साखर पेढा आणि सरबत पोटात गेल्यावर जवळजवळ पाऊण तासानं मोजलेली होती. झटक्याच्या वेळी ती किती होती हे कुणालाच माहीत नव्हतं. पण कागदावर आकडा छापून आला की त्याची वेळ कुणी विचारत नाही. मीही विचारली नाही. तो कागद पाहून मी औषधं तीच चालू ठेवली, ही माझी दुसरी चूक.

तीन आठवडे अण्णा 'बरे' होते, म्हणजे धडधड आणि थरथर थांबली होती. एका संध्याकाळी वहिनी एकट्याच दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, दुपारी हे विचित्र वागायलेत. दोन गिऱ्हाइकांच्या सोन्याच्या पुड्या एकत्र केल्या, जी गोष्ट तीस वर्षांत घडली नव्हती. मुलावर विनाकारण खेकसले. एकदा वजनकाट्यासमोर नुसते बघत बसले. "छातीत धडधडतंय का?" मी विचारलं.

"न्हाई, ते गेलं गोळीनं. आता घाम तेवढा राहिलाय बघा. बंडी पिळून काढावी एवढा."

या वाक्यानं मला जागं केलं. साखर घसरली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. धडधड, थरथर आणि जीव घाबरा होणं हे त्याचंच काम. प्रोप्रानोलॉल नेमकं तेच दाबून टाकतं, शिवाय यकृतातून साखर सोडण्याची वाटही थोडी अडवतं. घाम मात्र वेगळ्या मज्जातंतूंच्या वाटेनं येतो, त्यामुळे ही गोळी त्याला थांबवू शकत नाही. धोक्याची घंटा आम्ही बांधून ठेवली होती आणि मेंदूला साखर कमी पडल्याची लक्षणं, म्हणजे गोंधळ, चिडचिड, एकटक बघणं, तेवढी उरली होती.

पर्याय

त्या संध्याकाळी माझ्यासमोर चार वाटा होत्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून औषध वाढवून घेणं, ही घरच्यांची अपेक्षा होती. दंडाला चौदा दिवस लावायचा साखरेचा सेन्सर ही दुसरी. त्यानं चित्र स्वच्छ दिसलं असतं, पण खर्च होता आणि मागवायला दोन दिवस जाणार होते. तिसरी, संशय पुरेसा आहे असं समजून ग्लिमेपिराइड त्याच क्षणी बंद करणं. चौथी, लक्षणं असतानाच बोटातून रक्त घेऊन बघणं.

मी चौथी निवडली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता काहीही करून त्यांना घेऊन या, असं वहिनींना सांगितलं. पुरावा हवा होता, कारण नऊ वर्षांची गोळी एका संशयावर बंद केली तर तज्ज्ञांचा आणि अण्णांचाही विश्वास बसला नसता. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्याच संध्याकाळी मुलाला पाठवून साखर मोजायला हवी होती आणि रात्रीची गोळी तरी थांबवायला हवी होती. झोपेत साखर उतरली असती तर? घंटा बांधलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी अण्णा समोर बसले. कपाळ ओलं, चेहरा पांढराफटक, पण शांत. "मला काय बी न्हाई झालेलं. हिला उगीच," ते म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. शेवटचं काय बोलायचं होतं ते विसरले. बोटातलं रक्त: ४९.

७० च्या खाली गेली की साखर कमी मानतात, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून पाजले. पंधरा मिनिटांनी ६८. पुन्हा तेवढंच. पुढच्या पंधरा मिनिटांनी ९४. चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी विचारलं, "मी इथं कधी आलो?"

१९३० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी तीन अटी सांगितल्या, त्या आजही वापरतात: लक्षणं असावीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी असावी, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जावीत. तिन्ही माझ्या टेबलावर पुऱ्या झाल्या. रुग्णालयात मधली अट हुकली होती.

केलेली उपाययोजना

ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकू शकतो, म्हणून एकदा साखर वर आली म्हणून त्यांना लगेच घरी पाठवलं नाही. दोन तास बसवून ठेवलं आणि जेवण मागवलं. रात्री झोपताना आणि पहाटे तीनला साखर मोजायला मुलाला शिकवलं. तज्ज्ञांना फोन केला. त्यांनी आढेवेढे न घेता ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ठेवली आणि पुढे सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी जोडली. क्रिएटिनिन तपासलं, कारण मूत्रपिंड मंदावलं असेल तर ही औषधं शरीरात रेंगाळतात. ते ठीक होतं. थायरॉइडही ठीक. एचबीए१सी आलं ६.४. जूनच्या ८.६ वरून इतक्या झपाट्यानं उतरलेला आकडा एरवी मी पेढे देऊन साजरा केला असता. प्रोप्रानोलॉल एकदम न तोडता आठवड्याभरात कमी करत थांबवलं. जेवणाची वेळ एक वाजता. मुलानं वर्कशॉपमध्ये घड्याळाचा गजर लावला.

इथे प्रकरण मिटलं असं मला वाटलं. हे लिखाण इथेच थांबलं असतं तर 'बघा, मानसिक मानसिक म्हणत होते आणि साखर निघाली' अशी छान गोष्ट झाली असती.

दुसरा भाग

दिवाळीनंतर, ग्लिमेपिराइड बंद होऊन तीन आठवडे झाल्यावर, रात्री नऊ वाजता अण्णांना पुन्हा झटका आला. धडधड, दम कोंडल्यासारखं, बोटांना आणि ओठांना मुंग्या. त्यांनी चार चमचे साखर खाल्ली, नंतर मशीन लावलं: १६४. म्हणजे पुन्हा तीच गफलत, आकडा साखर खाल्ल्यानंतरचा.

मी नियम बदलला. आता साखर फार खाली नेणारं औषध पोटात नव्हतं, म्हणून म्हटलं, आधी आकडा, मग साखर. (इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं औषध चालू असेल आणि मशीन हाताशी नसेल तर नियम उलटा: आधी साखर, वाट बघायची नाही. हे मी वहिनींना दोनदा सांगितलं, कारण शेजारच्या काकूंना इन्सुलिन आहे आणि सल्ला भिंतीपलीकडे जातोच.)

पुढच्या चार झटक्यांचे आकडे: ११८, १२७, १०९, १३२.

घरच्यांचं पहिलं म्हणणं, मशीन बिघडलं. घरच्या मशीनमध्ये थोडाफार फरक असतोच. प्रमाण मानलेल्या मर्यादेत १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्के, खालच्या साखरेला १५ आकडे इकडेतिकडे चालतात. पण ११८ चा ४९ होत नाही. तरी प्रयोगशाळेत एकाच वेळी रक्त देऊन पडताळलं, मशीन नीट होतं.

दुसरं म्हणणं जास्त अवघड होतं: "पण साखर खाल्ल्यावर बरं वाटतंय की!" वाटत होतंच. भीतीचा झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत आपोआप ओसरतो. खाल्लेली साखर रक्तात यायलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. दोन्हीची वेळ जुळते आणि श्रेय साखरेला जातं. बरं वाटणं हा पुरावा नाही, हे पटवायला मला तीन भेटी लागल्या.

मुंग्यांचं कारण वेगळं होतं. घाबरलं की श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग ओठ-बोटं बधिरतात आणि डोकं हलकं होतं. साखर कमी झाल्यावरही ओठांना मुंग्या येऊ शकतात, त्यामुळे एका लक्षणावरून निवाडा करू नये. त्यातल्या त्यात सपाटून भूक, थंड घाम आणि बोलण्यात-वागण्यात गोंधळ हे साखरेकडे बोट दाखवतात. मरणाची भीती आणि दम कोंडणं भीतीच्या झटक्याकडे. पण अण्णांना पहिल्या वेळी मरणाची भीतीही होती आणि साखरही बहुधा उतरलेली होती. शेवटी आकडाच.

मग हे झटके आले कुठून? माझा अंदाज असा. साखर उतरल्यावर जे अॅड्रेनलिन येतं तेच भीतीतही येतं. अण्णांच्या शरीरानं आधी साखरेपायी धडधड अनुभवली, आणि धडधड म्हणजे 'आता काय खरं न्हाई' हे समीकरण मनात पक्कं बसलं. नंतर जिना चढून झालेली धडधडही पुरेशी ठरू लागली. याचा अर्थ साखर कमी होणं हे भीतीच्या आजाराचं सर्वसाधारण कारण आहे असा नाही. १९८० च्या दशकात भीतीचे झटके येणाऱ्या लोकांची साखर देखरेखीखाली इन्सुलिन देऊन उतरवून पाहिली गेली. थरथर आणि घाम आला, पण त्यांचे नेहमीचे झटके आले नाहीत. मधुमेह नसलेली, औषध न घेणारी पंचविशीतली मुलं आजकाल 'माझी शुगर लो होते' म्हणत येतात, त्यांच्याबाबत हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि एक, जे कागदावर लिहीत नाहीत. 'शुगर उतरली' म्हटलं की शेजारी वाटी घेऊन धावत येतात. 'भीतीचा झटका' म्हटलं की तेच शेजारी दार लोटून आत जातात. अण्णांच्या भावजय स्पष्ट म्हणाल्या, "मनाचा आजार? आमच्या घरात?" ऑक्टोबरात ज्यांनी 'टेन्शन घेतो, दुसरं काय' म्हणून हसण्यावारी नेलं, तेच डिसेंबरात 'साखरच आहे, डॉक्टरांना कळत नाही' म्हणत होते. दोन्ही वेळा मोजायच्या आधीच निकाल ठरलेला होता.

दरम्यान अण्णांचं जग आकसत चाललं होतं. देवळात जाणं बंद, रंकाळा बंद. खिशात पेढे, दर तासाला बिस्किट. दिवसात अकरा वेळा बोट टोचायचे. बोटं सोलवटली तेव्हा कळलं, कारण साजाचे मणी धरताना दुखायला लागलं. वजन तीन किलो परत आलं. जानेवारीत एचबीए१सी ७.९.

निर्णयाची जागा

औषध, समुपदेशन की दोन्ही? मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला अण्णा तयार झाले एका अटीवर: पाटी मोठी नसलेला दवाखाना. मी हसले नाही. तसा दवाखाना शोधला. तिथे सर्ट्रालिन हे भीतीच्या झटक्यांवरचं औषध लहान मात्रेत सुरू झालं. असल्या औषधांनी कधी कधी साखर थोडी खाली येऊ शकते, म्हणून ग्लिमेपिराइड बंद असल्याचं चिठ्ठीत ठळक लिहिलं.

खरं काम मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलं. त्यांनी अण्णांना मुद्दाम जिने चढायला लावले, फिरत्या खुर्चीवर गरगर फिरवलं, एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला. धडधड आली की तिच्यासोबत बसायचं, खायचं नाही. सुरुवातीला मशीन हातात, मग टेबलावर, मग दुसऱ्या खोलीत.

ते मशीन मीच हातात दिलं होतं. पहिल्या भागात त्यानंच सत्य बाहेर काढलं, आणि दुसऱ्या भागात तेच कुबडी बनलं. दिवसातून दोनदाच मोजायचं, झटक्यात एकदाच, असा नियम आधीच घातला असता तर बोटं वाचली असती.

निष्पत्ती

मार्चपर्यंत झटके आठवड्याला तीनवरून महिन्याला एकावर आले. चैत्रात मुलासोबत जोतिबाच्या यात्रेला गेले. गुलालाच्या गर्दीत एकदा छाती धडधडली. खांबाला टेकून उभे राहिले, काही खाल्लं नाही, दहा-बारा मिनिटांत निवळलं. "मुलगा घाबरला, मी न्हाई," हे सांगताना मिशीत हसत होते. ऑगस्टमध्ये एचबीए१सी ७.१. एकट्यानं एसटीनं पुण्याला जायला मात्र अजून तयार नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या चुका वर आल्याच आहेत. त्याखेरीज पहिल्या झटक्यापासूनच लिहून ठेवायला हवं होतं: वेळ, शेवटचं खाणं कधी, साखर मोजायच्या आधी काय तोंडात घातलं, आकडा. वहिनींनी नोव्हेंबरात मुलाच्या जुन्या वहीत हे चार रकाने पाडले आणि दोन आठवड्यांत जे दिसलं ते माझ्या महिन्याभराच्या तर्कानं दिसलं नव्हतं. उपवासाबद्दल विचारणं माझ्या प्रश्नावलीतच नव्हतं. आता श्रावण लागायच्या आधी मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला विचारते: उपवास कोणते, गोळी कोणती, दुपारी काय खाणार? आणि साखरेचं निदान झाल्यावर 'हे झटके मागे भीती ठेवून जाऊ शकतात' एवढं वाक्य त्याच दिवशी बोलले असते, तर दुसऱ्या भागात भावजयींशी वाद घालायची वेळ कदाचित आली नसती.

सप्टेंबरात अण्णा आले, येत्या नवरात्राबद्दल विचारायला. नऊ दिवस धरू का? ठरलं ते असं: उठता-बसता दोनच, दुपारी एकला शेंगदाण्याची आमटी आणि भगर, दर्शन पहाटेच्या रांगेत. एक गोष्ट मात्र ठरली नाही. त्यांच्या वर्कशॉपच्या खणात मणी आणि चिमट्यांच्या मागे ग्लुकोजची एक पुडी आहे. आता तिची गरज नाही आणि ती काढावी, असं मानसशास्त्रज्ञ बाई म्हणतात. मी अजून काढा म्हणून सांगितलेलं नाही.